कळले का, असे विचारण्याआधी

संवादकौशल्यावरची बहुतेक पुस्तके मुलाखतीच्या खोलीसाठी लिहिलेली असतात. नजर कुठे ठेवावी, आवाज कुठे चढवावा, हातवारे किती करावेत, याचे धडे त्यांत असतात. नोकरी मिळवायला ते उपयोगी पडत असतील. पण ती नोकरी लागून ज्याची पहिली नेमणूक सिरोंच्याला होते, त्या तलाठ्याला, परिचारिकेला, शिक्षिकेला किंवा बँकेतल्या कारकुनाला त्यांतले फारसे काही कामी येत नाही. समोर बसलेली आजी तेलुगू बोलते. तिची सून मराठी शाळेत शिकलेली आहे, पण परक्या साहेबापुढे तोंड उघडत नाही. झिंगानूरकडून आलेल्या माणसाच्या घरात माडिया बोलतात आणि साहेबाशी तो अडखळत हिंदीत बोलतो. अर्ज मात्र मराठीत भरायचा आहे. अशा वेळी आपल्या आवाजाची फेक कशी आहे, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

हे पुस्तक त्या टेबलाच्या सरकारी बाजूला बसणाऱ्या माणसासाठी आहे. संवादाचे सिद्धांत, चिकित्सक विचार आणि सांस्कृतिक भेद हे विषय महाविद्यालयात वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात, वेगवेगळ्या पेपरांत विचारले जातात. इथे ते एकत्र आणले आहेत, कारण सिरोंच्यात ते एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत. समोरच्याचे म्हणणे आपल्याला खरोखर कळले का, हे तपासायला चिकित्सा लागते. आणि न कळल्याचे खापर आपण हमखास त्याच्या संस्कृतीवर फोडतो. ‘यांच्यात असेच असते’ या तीन शब्दांनी जंगलातल्या तालुक्यांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे साध्या अज्ञानाने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा रोख त्या तीन शब्दांवर आहे.

आधी सिरोंचा कुठे आहे ते नीट पाहू. गडचिरोली जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा शेवटचा तालुका. प्राणहिता ओलांडली की तेलंगण, गोदावरी ओलांडली तरी तेलंगण, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम होतो तिथे पलीकडच्या काठावर काळेश्वरचे देऊळ आणि अलीकडे सिरोंचा. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांहून लांब, तेही आलापल्लीच्या जंगलातून. तेलंगणातले मंचेरियल त्याहून कितीतरी जवळ. त्यामुळे मोठे दुखणे, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचा सुटा भाग, नवा सिनेमा यांसाठी इथली माणसे नदीपलीकडे जातात. सोयरिकीही पलीकडच्या आहेत. मिरची तोडणीच्या हंगामात मजुरांचे तांडे तेलंगणात उतरतात आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या खरेदीला तिकडचे ठेकेदार इकडे येतात. बाजारातला दुकानदार एकाच सकाळी तेलुगूत भाव सांगतो, मराठीत हिशेब करतो, माडियात चौकशी करतो आणि नव्या पोलीस शिपायाशी हिंदीत बोलतो. त्याला कुणी संवादकौशल्याचे प्रमाणपत्र दिलेले नाही.

‘महाराष्ट्रात राहून हे लोक मराठी का बोलत नाहीत?’ हा नव्या कर्मचाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. १८६० मध्ये निजामाकडून आलेला गोदावरीकाठचा मुलूख घेऊन इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठिकाण झाले. तिथला डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याच्या नावाचे ग्लासफोर्डपेठा तालुक्यात आजही आहे. गोदावरीतून बोटी चालवायच्या आणि मध्य भारतातला कापूस समुद्राला लावायचा, असा तेव्हाचा बेत होता. खडकाळ पात्रापुढे तो टिकला नाही. १८७१ मध्ये काम सोडून दिले, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या सगळ्या काळात कचेरी बदलली, कचेरीची भाषा बदलली, घरातली भाषा तीच राहिली. तेलुगू इथे पाहुणी म्हणून आलेली नाही. आणि गोंडी-माडिया तर या जंगलातली त्याहून जुनी रहिवासी. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशभरात २९ लाखांहून जास्त लोक होते. एवढ्या मोठ्या समाजाला कचेरीच्या दारात आपली भाषा बाहेर ठेवून आत यावे लागते.

अशी भाषा बाहेर ठेवायला लावली की काय होते, त्याचा पुरावा प्राणहितेच्या पलीकडच्या काठावर आहे. जुना आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, प्रजा गोंड. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांना कसलेल्या जमिनीवरून हटवले जात होते. त्यांचे अर्ज कोण लिहीत होते, ते कुठल्या भाषेत जात होते आणि उत्तर त्यांना कोण वाचून दाखवत होते, याचा विचार केला तरी पुढचे कळते. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कोमरम भीम गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला तिथल्या परिस्थितीचा अभ्यास करायला सांगितले गेले. तो गोंडांच्या गावात जाऊन राहिला, त्यांची भाषा शिकला. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. त्याच दशकात आदिलाबादेत काम केलेले एक मराठी अधिकारी होते सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रशासनात राहून माणसाला काय करता येते, याचे मराठी वाचकांसाठी त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. एक खंत मात्र आहे. हे सगळे बंड होऊन गेल्यावर झाले. ऐकण्याची व्यवस्था आधी असती तर?

आता सिद्धांतांकडे वळू. संवादाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर एक आकृती असते. पाठवणारा, संदेश, मार्ग, घेणारा आणि मध्ये येणारा गोंगाट. ही आकृती क्लॉड शॅनन याच्या १९४८ च्या निबंधातून आली. शॅनन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. तारेवरून संदेश बिनचूक कसा जाईल, हा त्याचा प्रश्न होता. संदेशाचा अर्थ काय, हे आपल्या गणिताच्या कक्षेत येत नाही, असे त्याने निबंधाच्या आरंभीच सांगून टाकले होते. नंतरच्या लोकांनी ही ताकीद गाळली आणि आकृती माणसांना लावली. परिणाम असा की आपले सगळे सरकारी ‘जनजागृती’ कार्यक्रम आजही याच आकृतीवर चालतात. भिंतीवर घोषणा रंगवली, पत्रक वाटले, दवंडी दिली, म्हणजे संदेश पोचला. पोचूनही उपयोग झाला नाही तर घेणाऱ्यातच खोट.

डेल हाइम्स या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९७० च्या आसपास या समजाला चांगला धक्का दिला. भाषा येणे म्हणजे व्याकरण येणे एवढेच नव्हे. कुणाशी, कुठे, कधी, कोणत्या सुरात बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, हे कळणेही भाषा येण्यातच मोडते, असे त्याने मांडले. खेड्यातल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. कचेरीला मात्र ते अजून उमगायचे आहे. कारण कचेरीत गप्प राहणे याचा एकच अर्थ लावला जातो: हरकत नाही.

गप्प राहण्यावर या पुस्तकात पूर्ण दोन प्रकरणे आहेत, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्यांचा मुख्य आधार गडचिरोलीतच झालेले एक काम आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगविषयक आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांच्यापुढे जातच नव्हता. बायका तक्रार करत नाहीत, म्हणजे तक्रार नाही, असा सगळ्यांचा समज होता. त्या बोलत नव्हत्या कारण त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि विचारायला येणारा बहुधा पुरुष डॉक्टर होता. हा अभ्यास वैद्यकाचा म्हणून जगभर वाचला गेला. संवादशास्त्राच्या वर्गात तो शिकवला पाहिजे, असे मला वाटते.

अमेरिकेतल्या आदिवासींवरचे दोन अभ्यास त्याच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कीथ बॅसो याने १९७० मध्ये पश्चिम अपाची लोकांच्या मौनावर लिहिले. अनोळखी माणूस भेटला, कुणाच्या घरी मृत्यू झाला, मूल दूरच्या निवासी शाळेतून परत आले, की अपाची माणूस बोलण्याची घाई करत नाही. नाते अजून नक्की ठरलेले नसते तिथे गप्प राहून अंदाज घेणे हीच रीत. शेवटचे उदाहरण आश्रमशाळेच्या प्रत्येक शिक्षकाने डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेल्या मुलाशी आईबाप पहिले काही तास फारसे बोलत नाहीत, तेव्हा त्यांना मुलाची ओढ नसते असे समजू नये. दुसरा अभ्यास सूझन फिलिप्स हिचा, ऑरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज या राखीव भागातल्या शाळांवरचा. एकेका मुलाला उभे करून सगळ्या वर्गासमोर प्रश्न विचारला की आदिवासी मुले गप्प बसत. लहान गटात काम दिले किंवा शिक्षकाशी एकट्याने बोलायची सोय ठेवली की तीच मुले बोलू लागत. शिक्षक मात्र त्यांना बुजरी आणि मागासलेली ठरवून मोकळे होत.

हे वाचून आपल्याकडच्या वर्गात जाऊन पाहावे. पहिलीतले माडिया मूल. घरात ऐकलेला एकही शब्द पुस्तकात नाही. गुरुजी फळ्यावर चित्र काढतात आणि विचारतात, ‘हे काय आहे?’ मुलाला ते ठाऊक असते, पण गुरुजींना हवे ते नाव ठाऊक नसते. ते गप्प राहते. गुरुजी पुढच्याला विचारतात. वर्षअखेरीस त्या मुलाच्या नावापुढे ‘अप्रगत’ असे येते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे त्याच्या २९ व्या कलमात लिहिलेले आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली आणि नंतर तिला मान्यतेसाठी झगडावे लागले. कायद्यातले ‘शक्यतोवर’ कुणाच्या सोयीचे आहे, हे यावरून ओळखावे.

सांस्कृतिक भेदांच्या सिद्धांतांविषयी मला थोडे सावधपणे सांगायचे आहे, कारण ते वाचायला गोड आणि वापरायला धोकादायक आहेत. एडवर्ड हॉल याने १९५९ आणि १९७६ मधल्या आपल्या पुस्तकांतून सांगितले की काही समाजांत बहुतेक अर्थ शब्दांतच सांगितला जातो आणि काही समाजांत तो प्रसंगात, नात्यात, न बोललेल्यात असतो. ही दृष्टी उपयोगाची आहे. सोयऱ्याकडे उसने मागायला गेलेला माणूस तासभर पावसापाण्याचे बोलतो, ते का, हे तिच्यामुळे कळते. गेर्ट हॉफस्टेड याचे काम वेगळ्या प्रकारचे. १९६७ ते १९७३ या काळात एका बहुराष्ट्रीय संगणक कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून त्याने देशांना गुण दिले. वरिष्ठांपुढे झुकण्याच्या मापात भारताला ७७, व्यक्तिवादात ४८. व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले जातात. भारताला एक आकडा! जिथे एका तालुक्यातल्या एका बाजारात चार भाषा आणि चार रीतिभाती एकत्र नांदतात, तिथे हा एक आकडा घेऊन कुणाकडे पाहायचे? ब्रेंडन मॅकस्वीनी याने २००२ मध्ये या पद्धतीवर नेमकी हीच टीका केली: एका कंपनीतल्या थोड्या लोकांच्या उत्तरांवरून संपूर्ण राष्ट्राचे मन सांगता येत नाही. पुढच्या प्रकरणांत हॉल आणि हॉफस्टेड दोघेही आहेत. त्यांच्याकडून प्रश्न घ्यावेत, उत्तरे घेऊ नयेत, एवढीच विनंती.

कारण उत्तर घेतले की चौकशी थांबते. एक नेहमीचा प्रसंग पाहा. गरोदर बाई दवाखान्यात उशिरा पोचते. नोंदवहीत शेरा पडतो, ‘अंधश्रद्धेमुळे उशीर’. कदाचित तसे असेलही. पण शेरा लिहिणाऱ्याने विचारले का, की नाल्याला पूर होता का? गाडी कधी सांगितली आणि कधी आली? घरातल्या दुसऱ्या लहान मुलांना कुणाकडे ठेवायचे होते? गेल्या खेपेला दवाखान्यात तिच्याशी कसे बोलले गेले होते? एवढे विचारून झाल्यावर जे उरेल ते संस्कृतीच्या खात्यावर टाकावे. बहुतेक वेळा फार थोडे उरते. परिस्थितीने आलेल्या अडचणीला संस्कृतीचे नाव दिले की रस्ता, पूल, गाडी आणि वागणूक या चारही गोष्टींची जबाबदारी सुटते. म्हणून हा नुसता विचारातला घोळ नव्हे. त्यात कुणाची तरी सोय आहे.

याच तालुक्यात याहून मोठे उदाहरण घडले आहे. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत करार झाला. २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झाले. बंधारा तेलंगणाचा, एक टोक सिरोंच्याच्या काठाला टेकलेले. आपल्या बाजूच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पुराच्या पाण्याने पिके गेली आणि मोबदल्यासाठी त्यांना साखळी उपोषणाला बसावे लागले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांत मेडीगड्ड्याचे नाव आले. सिरोंच्याचे नाव त्या बातम्यांत शोधावे लागत होते. या प्रकरणाच्या अभियांत्रिकीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण संवादाचा अभ्यासक म्हणून काही प्रश्न विचारावेसे वाटतात. ज्याची जमीन जाणार, तो घरी तेलुगू बोलतो. त्याला आलेला कागद मराठीत, त्यातल्या कायद्याच्या संज्ञा मराठी माणसालाही न कळणाऱ्या. पाण्याची पातळी मीटरमध्ये सांगितलेली. ‘आपल्या शेतातल्या कुठल्या बांधापर्यंत पाणी येईल?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर कुठल्या परिच्छेदात आहे? सभेत तो गप्प बसला असेल तर ती संमती मानायची का? संमती मोजायची झाली तर ‘नाही’ म्हणायला किती जागा होती, हे आधी मोजावे लागते.

चिकित्सक विचार म्हटले की जॉन ड्यूईचे १९१० मधले पुस्तक, मग अमेरिकी विद्यापीठांतल्या व्याख्या, असा क्रम ठरलेला असतो. तो या पुस्तकातही थोडक्यात आहे. पण आपल्याकडेही या विषयाचा मोठा वारसा आहे, आणि तो अभिमानापेक्षा वापरासाठी घ्यावा. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढणारी वितंडा. चरकसंहितेने वैद्यांच्या चर्चेचे दोन भाग केले, स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि भांडून केलेली विगृह्य संभाषा. समोरच्याचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून त्याला पटेल अशा तऱ्हेने आधी मांडायचे आणि मगच खोडायचे, ही शिस्त आपल्या परंपरेत शेकडो वर्षे चालली. ती फार थोड्या जातींपुरती राहिली, हेही तितकेच खरे. ज्यांना वादसभेत बसू दिले नाही त्यांचा पूर्वपक्ष कुणीच मांडला नाही. जोतीराव फुल्यांना तो स्वतः मांडावा लागला.

ही शिस्त आज कुठे जिवंत पाहायची असेल तर मेंढा-लेखाला जावे. धानोरा तालुक्यातले गोंडांचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागची खरी यंत्रणा मात्र घोषणेइतकी प्रसिद्ध नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीने या गावाने अभ्यासगट उभे केले. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, उलटसुलट प्रश्न विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा अभ्यासाला. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवल्यामुळे अभ्यास करताना कुणाला जिंकायचे नसते. हे सुचायला केवढी प्रगल्भता लागते, ते ज्यांनी कधी एखाद्या समितीत काम केले आहे त्यांना समजेल.

आणि त्याचा निकाल पाहा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबू तोडून विकायचे ठरवले तेव्हा वनविभागाने वाहतूक परवाना द्यायला नकार दिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू वृक्षांत धरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात घातला होता. गावकऱ्यांनी दोन्ही कायदे वाचले होते आणि कोणता का लागू होतो, हे ते कुठल्याही अधिकाऱ्याला सांगू शकत होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे दिले. चिकित्सक विचाराचा याहून सरळ धडा कुठल्या परदेशी पाठ्यपुस्तकात सापडत असेल, तर मला वाचायला आवडेल.

एक वस्तू मात्र जवळून दाखवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लहान बाळाला निमोनिया आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही. ती बारापर्यंत मोजते. शहाण्या माणसाने इथे म्हटले असते की आधी दाईला आकडे शिकवा, किंवा दाईचा नाद सोडा. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने श्वासमापक बनवला. एक मिनिटाची वाळूची घडी आणि सोबत मण्यांच्या दोन ओळी, एक नुकत्या जन्मलेल्यासाठी, एक त्याहून मोठ्यासाठी. दाईने बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचली तर बाळाला निमोनिया. बस्स. बारापर्यंतचे तिचे गणित पुरले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच संस्थेच्या घरोघरच्या नवजात-सेवेच्या प्रयोगात ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेही गावातल्याच स्त्रियांच्या हातून. ज्याला कमी येते त्याच्यावर ओझे न टाकता, ज्याला जास्त येते त्याने वाकायचे, हे त्या मण्यांच्या ओळींत दिसते.

याच विचाराने पुस्तकात एक साधी सवय पुन्हा पुन्हा सांगितली आहे. ‘कळले का?’ असे कुणाला विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो सार’ असेच येते, मग कळलेले असो वा नसो. क्षयाची औषधे देताना परिचारिकेने विचारावे, ‘घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल? किती दिवस घ्यायची म्हणून सांगाल?’ बाई म्हणते, ‘खोकला थांबेपर्यंत.’ इथे कळते की सहा महिन्यांची गोष्ट पोचलीच नाही. पुन्हा सांगावे, तिच्या शब्दांत परत ऐकावे. जादा दोन मिनिटे लागतात. रांगेतले लोक कुरकुरतात. तरीही.

एवढे सगळे वाचून कुणाला वाटेल, की मग स्थानिक रूढींना हातच लावायचा नाही का? नाही, तसे या पुस्तकाचे म्हणणे मुळीच नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली जातात, गडचिरोलीतही मारली गेली आहेत. तिथे समजून घेण्याची भाषा करत बसणे हा गुन्हा ठरेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर का होईना, २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तो वापरलाच पाहिजे. कुर्माघराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचे. गळके छप्पर, सापाविंचवाची भीती, दुखले-खुपले तर जवळ कुणी नाही. बाहेरून आलेल्यांनी ‘पाडून टाका’ म्हटले. काही गावांतल्या बायकांनी आधी पक्के घर मागितले: भिंती, दिवा, संडास, पाणी. अशी विश्रांतीघरे काही ठिकाणी उभी राहिली. त्याने प्रथा पक्की होईल, असा आक्षेप आला, आणि तो आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. माझा कौल त्या बायकांकडे आहे. जिला आज रात्री तिथे झोपायचे आहे तिचे म्हणणे पहिले. प्रथा जायलाच हवी, पण ती घालवण्याची चर्चा त्यांच्यातूनच सुरू झाली तर टिकेल. या मताशी न जुळणारे मतही पाचव्या प्रकरणात पूर्ण ताकदीने मांडले आहे. वाचकाने दोन्ही वाचून स्वतः ठरवावे.

पुस्तक कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालेल. सिद्धांतांची प्रकरणे कुणाला जड वाटली तर आधी मौनावरची दोन वाचावीत. प्रसंग आहेत ते तुमच्या कचेरीत घडणारे वाटतील. घाईघाईने त्यांचे उत्तर लिहू नये, सहकाऱ्यांबरोबर बसून मेंढ्याच्या अभ्यासगटासारखे निर्णय न घेता बोलावे.

आणि पहिले पान उलटण्याआधी एक काम कराच. तुमची नेमणूक ज्या गावात आहे तिथल्या दहा घरांत कोणती भाषा बोलतात, ते घरी जाऊन विचारून एका कागदावर लिहा. त्या भाषेत ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य कसे म्हणतात, ते त्याच घरातल्या कुणाकडून शिकून घ्या. ते तोंडात बसले की मग वाचायला बसा.